स्टेरॉइडची गोळी बंद करू का?

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या मालकांचं वय ४१. दारव्हा तालुक्यात आमचं पाच एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर घेतो. सहा वर्षांपूर्वी यांना टीबी झाला होता, पूर्ण कोर्स केला, बरे झाले. दोन वर्षांपासून मात्र अंग उतरत गेलं. ६२ किलोचे ४७ झाले. रंग काळवंडला, लोक म्हणाले उन्हाने. सकाळी बाजेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डवरणीला गेले की तासाभरात धुऱ्यावर बसून जायचे. सासूबाई म्हणायच्या, "पेत असन कुठीतरी." ते दारूला शिवत नाहीत हे मला माहीत आहे. मीठ मात्र चिमटी चिमटी नुसतं खायचे, लोणच्याचा खार वाटीने प्यायचे. दिवाळीनंतर उलट्या थांबेनात म्हणून यवतमाळला नेलं. तिथे ॲड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत असं निदान झालं. आता हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनची सकाळी एक गोळी, जन्मभर घ्यायला सांगितली आहे. दीड महिन्यात सहा किलो वजन वाढलं. पण दीर म्हणतात, हे स्टेरॉइड आहे, हाडं पोकळ होतील, किडनी जाईल, आता बरं वाटतं ना, मग बंद कर. हे आता एक दिवसाआड गोळी घेतात. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारण मागाहून सांगते. गोळी बंद करायची नाही. एक दिवसाआडही घ्यायची नाही. हे वाचाल त्याच दिवसापासून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात सुरू करा आणि दिरांना हे पान वाचायला द्या.

दिरांनी हाडांबद्दल जे ऐकलं आहे ते खरं आहे, पण ते दुसऱ्या माणसांबद्दल आहे. ज्याच्या अंगात हे हार्मोन नीट तयार होतं, त्याने वरून आणखी घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. तुमच्या घरात गोष्ट उलटी आहे. विहिरीला झरा असताना टँकर ओतला तर ती नासाडी. विहीर आटली असेल तर टँकर हेच प्यायचं पाणी. एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या मालकांच्या झऱ्याचं पाणी टीबीने आटवलं आहे. ही गोळी त्यांना जास्तीचं काही देत नाही, निरोगी माणसाच्या अंगात रोज आपोआप जेवढं तयार होतं तेवढंच भरून देते.

आता त्या ग्रंथींबद्दल. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी दोन्ही मिळून तोळाभरही भरत नाहीत. किडनीवर बसल्या आहेत म्हणून लोक याला किडनीचा आजार समजतात. तसा तो नाही. ग्रंथीच्या सालीत कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही दोन महत्त्वाची हार्मोन्स तयार होतात. पहिल्याची जागा हायड्रोकॉर्टिसोन भरून काढतं, दुसऱ्याची फ्लुड्रोकॉर्टिसोन. कॉर्टिसोल पहाटेपासून वाढतं, सकाळी उठताना सगळ्यात जास्त असतं आणि रात्री उतरतं. म्हणूनच सकाळची गोळी मोठी आणि संध्याकाळची लहान दिली आहे. ताप आला, हाड मोडलं, कुणी दगावल्याची बातमी कळली, की निरोगी ग्रंथी कॉर्टिसोल कितीतरी वाढवते. रक्तदाब आणि साखर त्या वेळी त्याच्याच आधारावर टिकते. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. ते नसलं की मीठ लघवीवाटे निघून जातं, त्यामागे पाणी जातं आणि उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो. तुमचे मालक नुसतं मीठ खात होते ते वेडेपण नव्हतं. अंगातून मीठ वाहून जात होतं आणि अंगच ते मागत होतं.

रंगाचं कारणही उन्हात नव्हतं. ग्रंथी काम करेना की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हाका मारत राहते, म्हणजे एसीटीएच नावाचं हार्मोन भरमसाट सोडते. हाच रेणू त्वचेतल्या रंगाच्या पेशींनाही चेतवतो. उन्हाने काळवंडलेला शेतकरी ओळखायचा तर सदऱ्याखालची पाठ बघावी, ती उजळ असते. या आजारात झाकलेली कातडीही काळी होते. तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, जुन्या जखमांचे वण काळे होतात आणि हिरड्यांवर निळसर-काळे डाग येतात.

हे मी पुस्तकातून शिकले होते आणि तरीही माझ्या हातून एकदा सुटलं. तेव्हा मला तालुक्याला दवाखाना टाकून पाचेक वर्षं झाली होती. एक सालदार यायचा, वय तिशीच्या आत. पहिल्यांदा उलट्या म्हणून आला, मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. महिन्याने चक्कर म्हणून आला. मी सलाईन लावलं, त्याला लगेच तरतरी आली आणि मी घरी पाठवलं. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी. त्याने बरं वाटलं यातच उत्तर होतं, ते मला दिसलं नाही. तिसऱ्यांदा त्याला बाजेवर घालून आणलं. हातात शीर सापडेना. सिस्टरने त्याची मूठ उघडली आणि म्हणाल्या, "मॅडम, याच्या हाताच्या रेषा बघा, पेनाने ओढल्यासारख्या." मी पाहिलं. सोडियम, जे १३५ ते १४५ असावं, ते ११४ निघालं. पोटॅशियम सहाच्या वर. साखर ५२. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, सलाईन सोडलं आणि संध्याकाळपर्यंत तो उठून बसला, चहा मागू लागला. त्याच्या बायकोने मला विचारलं, "हे पहिल्यांदा आलो तवाच काऊन नाही देलं?" तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तेव्हापासून वजन उतरलेल्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब मी आडवं करून एकदा आणि उभं करून एकदा मोजते. तळहात बघितल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यांच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या ग्रंथी टीबीने खाल्लेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत आता शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर उलटते हे कारण पुढे आहे. आपल्याकडे टीबी अजून पहिल्या रांगेत आहे. फुप्फुसातला टीबी बरा झाला तरी रक्तातून ग्रंथीपर्यंत गेलेले जंतू तिथे हळूहळू काम करत राहतात आणि ग्रंथींचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग गेल्यावरच त्रास दिसू लागतो. म्हणून सहा वर्षांचं अंतर पडलं. गेलेला भाग सहसा परत येत नाही, त्यामुळे "जन्मभर" हा शब्द डॉक्टरांनी विचारपूर्वकच वापरला आहे. १९४० च्या दशकाअखेर कॉर्टिसोन तयार होऊ लागेपर्यंत या आजारातून फार थोडे लोक वाचत. ते ज्यांनी शोधलं त्या केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनाही हाच आजार होता आणि ते याच प्रकारच्या औषधांवर होते.

एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा. ग्रंथींचा सीटी स्कॅन झाला का, आणि टीबी अजून जागा आहे का? टीबीचं औषध पुन्हा सुरू करायची वेळ आली तर त्यातलं रिफाम्पिसिन हे हार्मोन यकृतात झपाट्याने जाळतं. मग तेवढीच गोळी अपुरी पडते आणि डोस वाढवावा लागतो. टीबीची गोळी देणारे आणि हार्मोनची गोळी देणारे डॉक्टर वेगळे असले की ही गोष्ट मधल्यामध्ये राहून जाते. तुम्हीच दोघांनाही दोन्ही कागद दाखवा.

आता घरात काय करायचं ते नीट वाचा. माझ्या दृष्टीने पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

ताप १०० च्या वर गेला तर त्या दिवसापासून हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२ च्या वर गेला तर तिप्पट, ताप उतरेपर्यंत. दोन-तीन दिवसांत उतरला की परत पहिल्या मापावर यायचं. नाही उतरला तर डॉक्टरांकडे. दुप्पट घेतल्याने दोन दिवसांत हाडं पोकळ होत नाहीत, पण न घेतल्याने माणूस जाऊ शकतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एकदा घ्यायची. तीही उलटली, किंवा हगवण लागली, किंवा माणूस बरळायला लागला, तर घरी थांबायचंच नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन आणि सलाईन, ताबडतोब. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा मला अशा रुग्णांची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

हे इंजेक्शन दुर्मिळ नाही. साप चावलेल्याला प्रतिविष देताना रिॲक्शन आली तर ते लागतं, दम्यालाही लागतं, म्हणून आपल्या भागात आरोग्य केंद्रात ते सहसा असतं. फक्त रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या नव्या माणसाला या आजाराचं नाव सुचेलच असं नाही. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: "मला ॲड्रिनल ग्रंथींचा आजार आहे. मी रोज स्टेरॉइडवर आहे. उलट्या, बेशुद्धी, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन लगेच द्या." त्याला प्लास्टिक लावून घ्या, एक मालकांच्या खिशात, एक दाराच्या मागे. पुढच्या बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरना तो दाखवून या आणि इंजेक्शन आहे का ते विचारून या. एक कुपी, सिरिंज आणि सोबतचं पाणी घरातही ठेवा आणि कंबरेखाली टोचायचं कसं ते आशाताईसोबत जाऊन एकदा शिकून घ्या. माझा तो सालदार कुपी स्टीलच्या डब्यात घालून माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवतो, ओल लागू देत नाही. टिनाच्या छपराखाली फळीवर ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात ती भाजून निघते.

उन्हाळ्याबद्दलच आणखी एक. "मीठ कमी खा" हा सल्ला गावात सगळ्यांना मिळतो, मालकांनी तो ऐकायचा नाही. ४५ अंशांत वावरात घाम गाळताना मीठ आणखी जातं. आंबील, मीठ घातलेलं ताक, लोणचं भरपूर घेऊ द्या. उन्हाळ्यात फ्लुड्रोकॉर्टिसोन थोडं वाढवावं लागतं का ते डॉक्टरांना विचारा. पाय सुजले किंवा रक्तदाब वाढला तर ती गोळी जास्त होते आहे असं समजा, पण मनाने कमी करू नका.

एकादशीला, नवरात्रात गोळी चुकवायची नाही. गोळीने उपवास मोडत नाही. हायड्रोकॉर्टिसोन तालुक्याला नेहमी मिळतेच असं नाही, म्हणून घरात महिनाभराचा साठा असू द्या. कधी मिळालीच नाही तर डॉक्टरांना फोन करून प्रेडनिसोलोन विचारा, ती बहुतेक दुकानांत असते. तिच्या ५ मिलिग्रॅमचं काम हायड्रोकॉर्टिसोनच्या २० मिलिग्रॅमएवढं होतं. एक दिवसही रिकामा जाऊ द्यायचा नाही.

तुमचे मालक शेती करतील, बैल हाकतील, मुलांची लग्नं लावतील. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. दोन वर्षं त्यांनी आपल्या मुलावर जो संशय घेतला तो त्यांच्याही मनाला लागत असेल.

प्रश्न : माझ्या आईचे (वय ६३) गुडघे फार दुखायचे. शेजारच्या बाजाराच्या गावी एक जण पुड्या देतो. तीन वर्षं रोज एक पुडी घेतली, गुडघे एकदम मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला. मग शुगर निघाली. कुणीतरी सांगितलं पुडीत स्टेरॉइड आहे, म्हणून मी पंधरा दिवसांपूर्वी पुड्या फेकून दिल्या. आता तिला उठवत नाही, मळमळ होते, अंग दुखतं. बंद करून चूक झाली का?

उत्तर : भाऊ, पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून मी त्याच दिवशी फोन केला आणि आईला दवाखान्यात न्यायला लावलं. तेव्हा जे बोललो ते इथे सगळ्यांसाठी लिहिते, कारण अशा पुड्या घेणाऱ्या आया जवळजवळ प्रत्येक गावात आहेत.

पुडी सोडायचं तुम्ही ठरवलं ते बरोबर. चूक झाली ती एका झटक्यात सोडण्यात, आणि ती तुम्हाला कुणी सांगितली नव्हती. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून घातलेलं असतं. दुखणं थांबतं ते त्यामुळेच. बाहेरून रोज एवढं हार्मोन यायला लागलं की पीयूषिका ग्रंथी हाका मारायचं थांबवते आणि ॲड्रिनल ग्रंथी झोपी जातात, आक्रसतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस घेतलं तरी हे होऊ शकतं, इथे तर तीन वर्षं आहेत. वरचा पुरवठा एका दिवसात तोडला आणि खालच्या ग्रंथी झोपेतच, म्हणून आई आज कॉर्टिसोलशिवाय आहे. वरच्या ताईंच्या मालकांसारखा रंग काळा होत नाही, कारण इथे हाकच बंद असते. अल्डोस्टेरॉनचा कारभार मुख्यतः किडनीच्या इशाऱ्यावर चालतो, त्यामुळे पोटॅशियमही सहसा ठीक असतं. म्हणूनच हे लवकर ओळखू येत नाही, "अशक्तपणा आहे" म्हणून टॉनिक दिलं जातं.

आता आईला डॉक्टर मोजून स्टेरॉइड सुरू करतील. घाबरू नका. ते हळूहळू उतरवत नेतील आणि ग्रंथी जाग्या व्हायला काही महिने लागतील, कधी वर्षही लागतं. मधूनमधून सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल तपासतील. ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ग्रंथी झोपलेलीच आहे, १५ ते १८ च्या वर गेलं तर जागी झाली. मधला आकडा आला तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी उत्तर देते का ते बघतात. या सगळ्या काळात ताप-उलटीचे वरचे नियम आईलाही लागू.

आणि गुडघे दुखणारच. त्यावर वेगळा इलाज करा, व्यायाम आहे, दुखणं कमी करणाऱ्या साध्या गोळ्या आहेत. नाहीतर आई गुपचूप पुडी मागवेल. तिला रागावू नका. रोज वेचणीला वाकणाऱ्या बाईला कुणीतरी सकाळी उठून उभं राहता येईल असं काही दिलं, ते तिने घेतलं. पुडीचा एखादा कागद घरात राहिला असेल तर डॉक्टरांना दाखवायला न्या.

प्रश्न : सात वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात मला फार रक्तस्राव झाला, शुद्ध हरपली होती. बाळाला दूध आलंच नाही. तेव्हापासून पाळी नाही, काखेतले केस गेले, बारा महिने थंडी वाजते, रंग पांढुरका झाला. वय ३४. दोन महिन्यांपूर्वी थायरॉइडची गोळी सुरू केली आणि तेव्हापासून उलट्या, चक्कर जास्तच.

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेल्या ओळी एकत्र वाचल्या की मला शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला आजार दिसतो. गरोदरपणात पीयूषिका ग्रंथी फुगलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात अंगातलं रक्तच गेलं तर ती वाळून जाते. मग तिच्या हाकेवर चालणारं दूध, पाळी, थायरॉइड आणि कॉर्टिसोल, सगळंच मंदावतं. आपल्याकडे परड, म्हणजे घोणस, चावून किडनी आणि रक्त बिघडलेल्या काही रुग्णांतही नंतर हीच ग्रंथी निकामी झालेली सापडते. म्हणून साप चावून वाचलेल्या माणसाला पुढे असा थकवा आला तर तोही डॉक्टरांना सांगावा.

तुमच्या बाबतीत क्रम उलटा झाला असावा. थायरॉइडच्या गोळीने शरीराचं यंत्र वेगात चालू लागतं आणि उरलंसुरलं कॉर्टिसोल लवकर संपतं. अशा वेळी आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग काही दिवसांनी थायरॉइडची गोळी. पुढच्या महिन्याची वाट बघू नका, याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. त्यांना सांगा की सकाळी आठचं कॉर्टिसोल, टीएसएच (पीयूषिकेची थायरॉइडला हाक), त्यासोबत फ्री टी-४ (खुद्द थायरॉइडचं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) तपासा. शीहानमध्ये नुसतं टीएसएच बरोबर दिसून फसवू शकतं. पीयूषिकेचा एमआरआय नंतर होईल. त्याआधी उलट्या वाढल्या किंवा ताप आला तर सरळ रुग्णालयात जा आणि स्टेरॉइडची कमतरता असू शकते हे तोंडाने सांगा. सात वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचे कागद, किती पिशव्या रक्त लागलं होतं ते, सोबत न्या.